पिलाला परसाकडची सवय

दिवाळी सरून थंडी पडू लागली की कडेगावच्या आसपास कोणत्याही वाटेने जा. उसाच्या फडाच्या कडेला, कडब्याच्या गंजीखाली, पडक्या भिंतीच्या आडोशाला कुत्रीची पिले एकमेकांच्या अंगावर पडून ऊब घेत असलेली दिसतील. आपल्याकडच्या गावकुत्र्या बहुतेक पावसाळ्याच्या अखेरीस माजावर येतात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी वितात. दोन महिन्यांचा हा हिशेब आहे. शाळेतून परतणारी पोरे त्यातले एखादे गुबगुबीत पिलू उचलतात, सदऱ्याच्या आत घालतात आणि घरी आणतात. आई ओरडते. आजी म्हणते, "राहू दे गं, खंडोबाचं वाहन हाय." आणि पिलाला सोप्यात एका पोत्यावर जागा मिळते.

इथपर्यंत सारे गोड असते. पुढच्या आठ दिवसांत मात्र घराचा रंग बदलतो. सकाळी उठावे तो सोप्यात थारोळे, देवघराच्या उंबऱ्याशी घाण, धाकट्याच्या वाकळेला वास. पहिल्या दिवशी हसू येते, तिसऱ्या दिवशी "हाड!" ऐकू येते, पाचव्या दिवशी रट्टा बसतो आणि एखाद्या रात्री घरातला कर्ता माणूस पिलाला पिशवीत घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडून येतो. पोरांना सांगतो, पळून गेलं.

असे पिलू जाते कुठे? काही भुकेने मरतात, काही गाडीखाली जातात. जी जगतात ती टोळीत मिसळतात; शेरडाकरडांच्या मागे लागतात, सागरेश्वर अभयारण्याच्या बाहेर चरायला आलेल्या हरणांचा पाठलाग करतात, आणि कधी एखाद्या लेकराला चावतात. म्हणजे आपण शिवेपलीकडे टाकलेली अडचण शिव ओलांडून परत येते. जनावराला उपासतहानेने तळमळावे लागेल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. आणि हे सर्व कशापायी, तर दोनतीन आठवड्यांची एक सवय लावता आली नाही म्हणून! म्हणून आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते कुत्र्याची जात, शिकार किंवा इमान यांविषयी नव्हे. पिलाने घाण कुठे करावी, एवढाच साधा विषय आहे.

आपल्या भाषेत शौचास जाण्याला 'परसाकडे जाणे' म्हणतात. पिलाला शिकवायचे तेही शब्दशः एवढेच: परसाकडे जायचे ते परसातच. गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी लावण्यासाठी आपण माणसांना किती वर्षे समजावीत होतो, ते आठवा. त्या मानाने कुत्र्याचे पिलू पुष्कळच लवकर ऐकते.

लवकर ऐकते, याला कारण आहे. कुत्रे स्वभावतः घाणेरडे, असा आपला समज असतो. तो खरा नाही. पिलू जन्मते तेव्हा त्याला स्वतःहून लघवीसुद्धा होत नाही. कुत्री त्याचे पोट आणि मागची बाजू चाटते, त्या स्पर्शाने ते मोकळे होते आणि कुत्री ते सारे चाटून गिळून टाकते. म्हणून दहा-पंधरा दिवसांच्या पिलांची जागा पाहिली तर ती कोरडी आढळते. सुमारे तीन आठवड्यांनी पिलाच्या पायांत बळ येते, आणि तेव्हा ते काय करते? झोपायच्या जागेपासून डुलत डुलत चार पावले दूर जाते आणि तिथे बसते. कोणी शिकवलेले नसते. 'झोपतो तिथे घाण करायची नाही' हा धडा त्याच्या रक्तातच आहे. आपले काम त्यात एवढेच, की त्याने 'झोपायची जागा' म्हणजे पोते न समजता सगळे घर समजावे. पोत्यापासून चार हात दूर असलेला सोप्याचा कोपरा त्याच्या दृष्टीने बाहेरच असतो, हे तुम्ही ध्यानात घेतले की निम्मा राग आपोआप उतरतो.

दुसरी गोष्ट पायाखालच्या जमिनीची. साधारण दोन महिन्यांचे होईपर्यंत पिलाला कशावर बसायचे याची आवड ठरून जाते. मातीत वाढलेल्या पिलाला माती बरी वाटते. सिमेंटच्या खोलीत किंवा पिंजऱ्यात वाढलेल्या, विकत आणलेल्या पिलाला फरशी चालते. गावातले पिलू आणणाऱ्याला या बाबतीत मोठाच फायदा आहे. ते मातीवर तयार होऊनच आलेले असते. मात्र त्याला फार लवकर आणू नका. महिन्याच्या आतबाहेरचे पिलू आणण्याची पोरांना घाई असते. पण दोन महिने ते आईपाशी राहिले तर स्वच्छतेचे अर्धे शिक्षण तीच देते, शिवाय किती जोराने चावावे हेही ते भावंडांत खेळून शिकते. तोवर रोज जाऊन आईला भाकरीचा तुकडा घालावा. ओळखही होते.

आणण्याचा दिवसही बघून ठरवावा. मुहूर्त पाहा असे मी म्हणत नाही. गलबल नसलेला दिवस पाहा. कडेगावात मोहरमला उंच उंच ताबुतांच्या भेटी पाहायला लांबून माणसे येतात, ढोलताशांनी पेठ दणाणते. अशा दिवसांत किंवा दिवाळीच्या फटाक्यांत आणलेले पिलू भेदरते आणि भेदरलेल्या जिवाला सवय लागत नाही. घरात लग्न निघाले असेल तर तेही उरकू द्या.

आता जागा ठरवू. परसात एक कोपरा पक्का करा. तो रांजणापासून, भाजीच्या वाफ्यापासून आणि पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावा. गावातली इतर कुत्री जिथे येत नाहीत असा असावा, कारण पार्व्हो नावाचा रक्ती हगवणीचा रोग आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून पसरतो आणि त्याचे विष मातीत कित्येक महिने टिकते. लसी पुऱ्या होईपर्यंत पिलाला उकिरड्यावर किंवा चौकात नेऊ नये ते याचसाठी. पहिल्या दिवशी घरात नेण्याआधी पिलाला थेट या कोपऱ्यात उतरवा. ते हुंगेल, फिरेल, बसेल. बसले की मगच उंबरा ओलांडा.

मग प्रश्न वेळेचा. सबंध विषयात खरी किल्ली हीच आहे, म्हणून इथे जरा थांबू. पिलाला परसात नेण्याच्या वेळा घड्याळावर ठरत नाहीत, त्या पिलाच्या पोटावर ठरतात. झोपेतून उठले की लगेच न्यायचे. खाऊन झाले की पाच ते तीस मिनिटांच्या आत न्यायचे, कारण पोटात अन्न पडले की आतडी हलू लागतात. पोरांबरोबर दंगा करून झाला की न्यायचे. रात्री निजण्यापूर्वी न्यायचे, पहाटे दिवा लागताच न्यायचे. याशिवाय मध्ये किती वेळ ते कळ धरू शकते, याचा एक ढोबळ हिशेब सांगतो: जितक्या महिन्यांचे पिलू, तितके तास आणि वर एक. दोन महिन्यांचे असेल तर तीन तास, आणि तेही निजलेले असताना. जागेपणी दर तासा-दीड तासाने नेलेले बरे. दिवसातून आठ-दहा खेपा होतात. ऐकून छाती दडपेल. पण घरात आजोबा आहेत, शाळेतून येणारी पोरे आहेत, प्रत्येकाच्या वाट्याला दोन खेपा येतील. आणि हे जन्मभराचे नाही.

खाण्याच्या वेळा नेमल्या म्हणजे बाहेर जाण्याच्या वेळाही नेमस्त होतात. दोन महिन्यांच्या पिलाला दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे घालावे आणि पाऊण तासाने ताटली उचलून ठेवावी. येताजाता प्रत्येकाने तुकडा टाकला की पोटाचे वेळापत्रक बिघडते. नुसत्या दुधावरही पिलू ठेवू नये. जादा दुधाने पातळ होते आणि मग कितीही शहाणे पिलू असो, त्याचा नाइलाज होतो. भाकरी कुस्करून, वर उकडलेले अंडे किंवा पातळ बिनतिखटाचे वरण, एवढे पुरे. पाणी मात्र तोडू नका. लघवी कमी व्हावी म्हणून पिलाचे पाणी बंद करणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्या भागातल्या उन्हाळ्यात हा निव्वळ जुलूम आहे.

न्यायचे कसे, यात बहुतेकांची चूक होते. आपण दार उघडतो, पिलाला बाहेर ढकलतो आणि "जा" म्हणून आत येतो. पिलू बाहेर काय करते? दाराशी बसून रडते, किंवा कोंबडीमागे धावते. दार उघडले की आत येते आणि आत येऊन सोप्यात मोकळे होते. मग आपण कपाळाला हात लावतो. "आत्ताच तर भाईर नेलं होतं की!" नेले नव्हते, घालवले होते. स्वतः जा. गळ्यात सैल दोरी असू द्या, कोपऱ्यात विठोबासारखे कमरेवर हात ठेवून उभे राहा, बोलू नका, खेळू नका. पाचसात मिनिटे. ते गोल फिरेल, हुंगेल, बसेल. बसताना एकच ठरलेला शब्द हळू आवाजात म्हणा. "परसात, परसात" म्हणा किंवा दुसरे काही, पण घरातल्या सर्वांनी तोच शब्द वापरावा. रशियातील इव्हान पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाला पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाआधी दर खेपेस ठरावीक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, हे त्यांनी दाखवले. तुमचा शब्दही पिलाच्या पोटाशी असाच जोडला जातो. महिन्याभराने शब्द उच्चारताच ते जागा शोधू लागते, आणि गावाला जाताना एस्टीत चढण्यापूर्वी याचा केवढा उपयोग होतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक.

उरकले की त्याच क्षणी शाबासकी द्या. खिशात भाकरीचा वाळका तुकडा असू द्या. घरात येऊन, हात धुऊन, मग दिलेला तुकडा कामाचा नाही. तेव्हा पिलाला वाटते की घरात आल्याबद्दल मिळाला. आणि मोकळे झाल्याबरोबर दोरी ओढून आत आणू नका. चार मिनिटे खेळू द्या. नाहीतर ते चतुर होते. 'हे उरकले की मजा संपते' असे समजून कळ धरून बसते.

नजर नसेल तेव्हा काय करायचे? पूर्वी घरोघर कोंबड्यांसाठी बांबूचे डालगे असे, अजूनही पुष्कळांकडे आहे. त्यात किंवा लाकडी खोक्यात पोते अंथरून पिलाची निजायची जागा करावी. उभे राहता यावे, वळता यावे, पाय पसरता यावेत एवढीच जागा हवी. फार मोठी केली तर एका टोकाला निजून दुसऱ्या टोकाला घाण करता येते. ही कोठडी नव्हे. पाऊण तास, तास, रात्री निजण्यापुरते, एवढाच तिचा उपयोग. शेतावर जाताना सकाळी कोंडून सांज करून आल्यास पिलू नाइलाजाने तिथेच घाण करते, आणि त्याच्या रक्तातला तो पहिला धडा आपल्या हाताने पुसला जातो. तो पुन्हा लिहिणे फार कठीण.

रात्रीचे दोन शब्द. पहिले दोनतीन आठवडे रात्रीतून एकदा तरी उठावे लागते. पिलाचे खोके निजायच्या खोलीत असले तर ते कुंईकुंई करते, ते ऐकू येते. गोठ्यात ठेवले तर ऐकू येत नाही. थंडीत पिलाला पोत्यातून बाहेर यायचे नसते, त्याला उचलूनच न्यावे. पण हातात विजेरी हवीच. ताकारी आणि टेंभूच्या योजनांनी कृष्णेचे पाणी वर चढले, माळाला ऊस आला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही आला. कुत्रे हे त्याचे आवडते भक्ष्य. शिवाय पायाखाली विंचूकाटा आहे. वस्तीवर राहणाऱ्यांनी रात्री पिलाला अंगणाच्या उजेडातच न्यावे, फडाच्या बाजूला नेऊ नये, आणि पोराला एकटे पाठवू तर नयेच.

आता चूक झाली तर. होणारच. पिलू घरात बसताना दिसले तर ओरडू नका. टाळी वाजवा, उचला, परसात न्या, उरलेले तिथे होऊ द्या आणि शाबासकी द्या. मागाहून घाण दिसली तर मात्र काहीच करू नका, मुकाट्याने पुसा. "आवं, त्याचं नाक घासा त्याच्यात, आपसूक कळतंय," असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. मलाही मिळाला होता. लहानपणी मी एका पिलाचे नाक असे घासले, वर दोन रट्टेही दिले. त्यानंतर ते माझ्यासमोर कधी बसेना, घरात नाही आणि परसातही नाही. मी उभा असलो की कळ धरायचे आणि मग कणगीमागे जाऊन उरकायचे. मला वाटे, पिलू लबाड आहे. फार वर्षांनी उमगले की ते तंतोतंत शिकले होते. फक्त मी शिकवले ते वेगळेच होते. घाण आणि मार यांच्यामध्ये दहा मिनिटे गेली असतील तर पिलाला त्यांचा संबंध लागत नाही. त्याला एवढेच कळते की या माणसासमोर हे करणे धोक्याचे. "बघा, चुकलं म्हणून कसं शेपूट घालतंय!" असे आपण म्हणतो. ते चुकीची कबुली देत नसते, आपल्या चेहऱ्याला भ्यालेले असते.

काही पिले माणूस जवळ आला की दबून बसतात आणि थेंब थेंब लघवी करतात. ती चूक नव्हे, ते त्यांचे लवून नमस्कार करणे आहे. त्यावर रागावले तर वाढते. खाली बसून, हळू बोलून, कडेने कुरवाळले तर मोठेपणी आपोआप जाते. शिकलेले पिलू अचानक घरात घाण करू लागले, पातळ होऊ लागले, वारंवार लघवीला बसू लागले, तर तो हट्ट समजू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. शेणात रक्त दिसले आणि उलट्या होत असल्या तर त्याच दिवशी न्या.

घाण पुसणे हीही एक विद्या आहे. जिथे वास राहिला तिथे पिलू पुन्हा बसणार, कारण त्याचे नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण असते. सारवलेल्या जमिनीवर वरून नुसता शेणाचा हात फिरवला तर ओल खाली मुरलेलीच राहते. तेवढी माती खरवडून काढावी, नवी माती ठोकून बसवावी आणि मग सारवावे. फरशी असेल तर आधी राखेने टिपून घ्यावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. अमोनियाचा दर्प असणारी औषधे टाळा, त्यांचा वास लघवीसारखाच येतो. फिनेल ओतून तर मुळीच ठेवू नका. पिलू ओले पाय चाटते आणि ते पोटात जाते.

शिक्षक बंधुभगिनींना येथे एक सुचवावेसे वाटते. पिलांच्या पोटात बहुधा आईच्या गर्भातूनच जंत आलेले असतात. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत, मातीतून पोरांच्या नखांत आणि नखांतून पोटात जातात. म्हणून जंताचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळेवर देणे, विष्ठा खड्ड्यात पुरणे, ती वाफ्यात न टाकणे आणि हात धुणे, हे चारही धडे एका पिलाच्या निमित्ताने वर्गात शिकवता येतात. तीन महिन्यांचे झाले की पिसाळीची लस टोचावी, आणि ती पुढे चालू ठेवावी. कुत्रे कोणतेही असो, चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठायचा, हे प्रत्येक मुलाला तोंडपाठ असायला हवे. आणखी एक गंमतीचा अभ्यास द्या. ज्याच्या घरी पिलू असेल त्याने वहीत चार दिवस टिपावे: केव्हा खाल्ले, केव्हा निजले, केव्हा बसले. पाचव्या दिवशी वर्गासमोर ते वाचून दाखवावे. पिलू पुढच्या खेपेस केव्हा बसेल हे पोरे आधीच सांगू लागतात, आणि घरच्या मोठ्या माणसांपेक्षा बरोबर सांगतात.

आपल्या कडेगाव-विटा भागातली पुष्कळ कुटुंबे गलाईच्या धंद्यानिमित्त परमुलखात, भरवस्तीत, दुसऱ्या-तिसऱ्या माडीवर राहतात. सुट्टीत गावी आल्यावर पिलू नेण्याचा मोह त्यांच्या मुलांनाही होतो. त्यांना परस नसते. त्यांनी गच्चीत किंवा न्हाणीजवळ एका पत्र्याच्या पसरट ट्रेमध्ये गावच्यासारखी माती घालावी. पिलाच्या पायाला ती ओळखीची असते. जुनी वर्तमानपत्रेही चालतात, पण मग पिलाला कागद म्हणजेच शौचकूप वाटू लागते आणि एखाद्या दिवशी जमिनीवर पसरलेला रोजमेळाचा कागदही त्याला तसाच दिसतो. लसी पुऱ्या झाल्या की जिना उतरून बाहेर नेण्याची सवय लावावीच.

बहुतेक पिले चारसहा महिन्यांची होईपर्यंत पक्की होतात. नर पिलू त्यापुढे पाय वर करू लागते आणि खांब, चाके, रांजण यांवर आपली सही करते. योग्य वयात पशुवैद्याकडून नसबंदी करून घेतली तर हे पुष्कळ कमी होते, आणि शिवेवर सोडायला नवी पिलेही जन्मत नाहीत.

हिवाळ्यात आणलेल्या पिलाची खरी परीक्षा मृगाच्या पावसात होते. तोवर ते कोरड्या मातीवर शिकलेले असते. परसात चिखल झाला, वरून धार लागली, की ते उंबऱ्यावर उभे राहते, बाहेर पाहते, तुमच्याकडे पाहते आणि मागे फिरते. त्याला वर पत्रा लागतो. पाऊस सुरू होण्यापूर्वीच त्या ठरल्या कोपऱ्यावर चार मेढी रोवून एक जुना पत्रा टाकून ठेवा, खाली दोन पाट्या मुरूम पसरा. आणि पहिल्या पावसात एक दिवस त्याच्याबरोबर तुम्हीही भिजा.